डेटिंग ॲपवर फसल्यावर कार्ड कंपनीशी काय आणि कसं बोलायचं

कार्ड कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लागला की पलीकडून सुरुवातीलाच विचारतात, "हा व्यवहार तुम्ही स्वतः केला होता का?" डेटिंग ॲपवर किंवा लग्नाच्या साइटवर फसलेला माणूस बहुतेक वेळा इथंच घोळ करतो. लाजेपोटी म्हणतो, "नाही हो, आपोआप कापले गेले." ओटीपी किती वाजता गेला, कोणत्या मोबाइलवरून टाकला गेला, याची नोंद कंपनीकडे असते. ती ग्राहकाच्याच फोनशी जुळली की तक्रार बंद होते, आणि त्याच तक्रारीत जी रक्कम खरोखर परत मिळण्यासारखी होती तीही बुडते. म्हणून फसवणूक कशी होते हे कळणं जितकं गरजेचं, तितकंच ती कोणत्या शब्दांत नोंदवायची हे कळणंही.

फसतात ते अडाणी, हा गैरसमज आधी सोडा. शेती करणाऱ्या पोराला पोरगी मिळेना ही तक्रार बीड, परभणी, हिंगोलीच्या गावागावात आहे. मध्यस्थाला पैसे देऊन थकलेला माणूस मोबाइलकडे वळतो. वाळूजच्या कंपनीतला सुपरवायझर, लातूरच्या क्लासमधला शिक्षक, नांदेडला एकटी राहणारी घटस्फोटित बाई, सगळे त्याच ॲपवर असतात. खिशात एखादं 'लाइफटाइम फ्री' क्रेडिट कार्ड असतं, मॉलमध्ये टेबल टाकून बसलेल्या पोरानं आधार-पॅनच्या झेरॉक्सवर करून दिलेलं. फी नाही, म्हणून त्याच्या अटी कुणी वाचलेल्या नसतात. चोराला अशीच माणसं हवी असतात: मनातून एकटी आणि हातात लाखभराची लिमिट.

सगळ्यात साधी आणि सगळ्यात दुर्लक्षित लूट वर्गणीची. "फक्त १ रुपयात ३ दिवस" असं म्हणून कार्ड नंबर घेतला जातो, आणि चौथ्या दिवसापासून आठवड्याची किंवा महिन्याची पूर्ण फी सुरू होते. उत्तरं देणाऱ्या 'मुली' म्हणजे पगारी माणसं किंवा नुसता प्रोग्रॅम. प्रत्येक मेसेजला 'कॉइन' लागतात आणि ते संपले की पुन्हा कार्ड. ॲप डिलीट केलं म्हणजे वर्गणी थांबत नाही. ती गूगल प्लेमधून घेतलेली असेल तर प्ले स्टोअरच्या प्रोफाइलमध्ये 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स'मध्ये जाऊन रद्द करा, आणि पैसे कापून ४८ तास झाले नसतील तर तिथूनच रिफंड मागा. कार्ड थेट साइटवर दिलं असेल तर बँकेच्या ॲपमधली 'ई-मँडेट' किंवा 'स्टँडिंग इन्स्ट्रक्शन'ची, म्हणजे आपोआप पैसे कापायला दिलेल्या परवानग्यांची, यादी उघडा आणि तिथून परवानगी काढा. सोबत साइटला ईमेलनं 'वर्गणी रद्द करत आहे' असं कळवा. पुढं वाद घालताना हाच ईमेल सगळ्यात भक्कम पुरावा ठरतो.

इथं एक पेच आहे. भारतीय नियमांनुसार चालणाऱ्या आवर्ती, म्हणजे ठरावीक काळानं आपोआप कापल्या जाणाऱ्या, वर्गणीत पैसे कापण्याच्या २४ तास आधी सूचना यावी लागते आणि रक्कम १५,००० रुपयांच्या वर असेल तर दर वेळी ओटीपी लागतो. परदेशी साइट मात्र ओटीपी न मागताही कार्ड वापरू शकते. शिवाय बिलावर साइटचं नाव नसतं, भलत्याच कंपनीचं असतं, त्यामुळं महिनोन् महिने कापले जाणारे पैसे ओळखूच येत नाहीत. वर परकीय चलनाचा साधारण ३.५ टक्क्यांपर्यंत मार्कअप, म्हणजे बँकेचा जादा आकार, आणि त्यावर जीएसटी. उपाय बँकेच्या ॲपमध्येच आहे. कार्डाच्या सेटिंगमध्ये 'इंटरनॅशनल' व्यवहार बंद ठेवा, ऑनलाइनची मर्यादा लागेल तेवढीच ठेवा. ही बटणं देणं रिझर्व्ह बँकेनं २०२० पासून बँकांना बंधनकारक केलं आहे.

दुसरी चाल मोठ्या पैशांची. परदेशातला डॉक्टर किंवा जहाजावरचा इंजिनिअर, विधुर, एक लहान मुलगी, पुण्या-मुंबईत स्थायिक व्हायची इच्छा. महिना-दीड महिना गोड बोलणं, मग 'तुमच्यासाठी पार्सल पाठवलंय'. दोन दिवसांनी दिल्ली विमानतळावरच्या 'कस्टम्स' मॅडमचा फोन येतो: पार्सलमध्ये परकीय चलन निघालं, दंड भरा. आधी ३५,००० रुपये, मग 'क्लिअरन्स', मग 'मनी लाँडरिंग सर्टिफिकेट'. कस्टम्स खातं कुणाच्या वैयक्तिक खात्यात पैसे मागत नाही आणि फोनवरून शुल्क वसूल करत नाही. खात्यात पैसे नाहीत म्हटलं की चोर कार्डाकडे वळवतो, आणि बहुधा गिफ्ट व्हाउचर घ्यायला लावतो. कारण उघड आहे. व्हाउचरचा कोड काही मिनिटांत वापरून टाकता येतो, आणि व्यवहार मात्र एका नामांकित दुकानाशी, तुमच्याच ओटीपीनं झालेला दिसतो. प्रेमाच्या गोष्टी करणाऱ्या माणसानं व्हाउचरचा कोड मागितला तर तो माणूस चोर आहे, यात मला अपवाद माहीत नाही.

संभाजीनगर-लातूरची पोरं नोकरीसाठी पुण्याला, नांदेडची हैदराबादला जातात. तिथं कॅफेची तिसरी चाल भेटते. ॲपवरची मुलगी पहिल्याच भेटीला ठरावीक कॅफेचा हट्ट धरते. मेनूवर दर नसतात किंवा दाखवलेला मेनू वेगळा असतो, मुलगी दोन-चार ड्रिंक मागवते आणि फोन आला म्हणून निघून जाते. बिल वीस-तीस हजारांचं, दारात दोन धटिंगण. जागा आपण निवडायची, एवढ्यानंच ही चाल बहुतेक मोडते. अडकलाच तर तिथूनच ११२ ला फोन लावा, मेनूचा फोटो काढा, तपशीलवार बिल मागा. पैसे भरावेच लागले तर कार्ड मशीनची स्लिप जपून ठेवा. तिच्यावर व्यापाऱ्याचा आणि मशीनचा क्रमांक असतो, पोलिसांना तिथवर पोहोचायला तो पुरतो. एकदा पिन टाकला की कार्ड कंपनी फारशी मदत करत नाही, हे मात्र धरून चला.

व्हिडिओ कॉलची चाल, म्हणजे अश्लील कॉल रेकॉर्ड करून तो पसरवायची धमकी देत पैसे उकळणं, बहुतेकांना ऐकून माहीत असते, तरी माणसं पैसे भरतात, कारण दुसरा फोन 'क्राइम ब्रँच'चा येतो आणि तिसरा 'यूट्यूबवरून व्हिडिओ काढून देणाऱ्या'चा. तिघेही एकाच टोळीतले. एकदा भरलं की मागणी वाढते. भरू नका, नंबर ब्लॉक करण्याआधी चॅटचे स्क्रीनशॉट घ्या, आणि व्हिडिओ पसरायची भीती असेल तर स्टॉप-एनसीआयआय ही मोफत सेवा वापरा. ती तुमच्या फोनवरच व्हिडिओची डिजिटल खूण तयार करते, व्हिडिओ कुठं अपलोड करावा लागत नाही, आणि सहभागी प्लॅटफॉर्म त्या खुणेवरून तो अडवू शकतात.

आता मूळ मुद्द्याकडे. फोन लावण्याआधी स्टेटमेंट समोर ठेवा आणि व्यवहारांचे तीन भाग करा.

पहिल्या भागात तुम्ही केलेच नाहीत असे व्यवहार: कार्डाचा तपशील चोरून झालेले, परदेशी साइटवर ओटीपीशिवाय कापलेले. यांना रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिलेले नियम लागू होतात. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा वेळी बँकेचा संदेश आल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर शून्य भार. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं तर ५ लाखांपर्यंत लिमिट असलेल्या कार्डासाठी जास्तीत जास्त १०,००० रुपये, त्याहून मोठ्या लिमिटसाठी २५,०००. त्यानंतर बँकेच्या धोरणावर. कळवल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत ती रक्कम तात्पुरती जमा व्हायला हवी आणि ९० दिवसांत निकाल लागायला हवा.

दुसऱ्या भागात पैसे तुम्हीच दिलेत, पण कबूल केलेलं मिळालं नाही, किंवा रद्द केल्यावरही वर्गणी कापली गेली. यांना 'फ्रॉड' म्हणू नका. "सेवा मिळाली नाही" किंवा "वर्गणी रद्द केल्यानंतर पैसे कापले" या सदरात 'डिस्प्यूट' नोंदवा. इथं चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत व्यापाऱ्याकडून पैसे परत वळवणं, होऊ शकतं, कारण वाद ओटीपीचा नसून व्यापाऱ्यानं शब्द पाळला का याचा आहे. व्हिसा, मास्टरकार्डसारख्या कार्ड नेटवर्कच्या नियमांत अशा वादांना बहुतेक वेळा १२० दिवसांची मुदत असते, पण बँका स्वतःची मुदत त्याहून कमी ठेवतात. तेव्हा बिल आल्या आल्या फॉर्म भरा. रद्द केल्याचा ईमेल, साइटची जाहिरात, पैसे कापल्याचा संदेश, तिन्ही जोडा. व्यापाऱ्यानं "रिफंड दिला" असा दावा केला तर त्याच्याकडून २३ अंकी एआरएन क्रमांक, म्हणजे रिफंडचा माग लावायचा क्रमांक, मागा आणि तो बँकेला द्या. क्रमांक देता आला नाही तर त्याचा दावा खोटा समजायला हरकत नाही.

तिसरा भाग सगळ्यात अवघड: फसून का होईना, ओटीपी तुम्हीच टाकलात किंवा सांगितलात. परिपत्रकाच्या भाषेत हा ग्राहकाचा निष्काळजीपणा, आणि कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं. पण कळवल्यानंतर झालेला प्रत्येक व्यवहार बँकेच्या माथी. म्हणून फोनची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवणं कागदी सोपस्कार नाही. चोर एकाच बैठकीत चार-पाच व्यवहार करतो. दुसऱ्यानंतर कार्ड ब्लॉक झालं तर उरलेले वाचतात. या भागातल्या पैशांसाठी खरा रस्ता पोलिसांचा आहे. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार भरा. व्यवहाराचा क्रमांक, तारीख, वेळ, रक्कम हाताशी ठेवा. पैसा पुढच्या खात्यातून निघायच्या आत तो गोठवता आला तरच काही हाती लागतं. रात्र आहे, उद्या पाहू, असं इथं चालत नाही. पोलीस ठाण्यात "हे आमच्या हद्दीत नाही" असं सांगितलं तर झिरो एफआयआरची, म्हणजे हद्द न पाहता कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवण्याची, तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे, हे शांतपणे सांगा.

लाजेनं गप्प बसलेल्याला चोराइतकाच बिलाचा दणका बसतो. समजा, कार्डावर ८०,००० रुपये चढले आणि माणूस घरी कळू नये म्हणून 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली किमान रक्कमच, भरत राहिला. महिना ३.५ टक्के व्याज म्हणजे २,८०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ५०४, एकूण ३,३०४. मिनिमम ड्यू ५ टक्के धरला तर ४,००० भरून मुद्दल कमी झालं ६९६ रुपयांनी. भरीला, पूर्ण बिल भरलं नाही की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. किराणा घेतला तरी त्याच दिवसापासून व्याज. कार्डावरून एटीएममधून रोख काढली असेल तर तिथं ही मुदत मुळातच नसते.

म्हणून बिलातल्या ज्या रकमेवर वाद नाही ती वेळेत पूर्ण भरा आणि वादातली रक्कम कोणती ते ईमेलनं वेगळं लिहून द्या. 'फ्रॉड' म्हणून नोंदवलेल्या व्यवहारावर निकाल लागेपर्यंत कोणतंही शुल्क लावता येत नाही, असं रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांत आहे. बिलावर हरकत घेतली तर ३० दिवसांत स्पष्टीकरण आणि लागू असेल तिथं कागदोपत्री पुरावाही द्यावा लागतो. कस्टमर केअरवाला "आत्ता ईएमआय करून घ्या, हप्ता हलका होईल" असं सुचवील. वादातल्या व्यवहाराचा ईएमआय करू नका. रक्कम तुम्ही मान्य केली असा त्याचा अर्थ लावला जातो. सगळा हिशेब मिटल्यावर कार्ड बंद करायला सांगितलं तर ७ कामकाजाच्या दिवसांत बंद करणं कंपनीवर बंधनकारक आहे, उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला.

कंपनीनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या तक्रारींच्या ऑनलाइन पोर्टलवर मोफत तक्रार करता येते. मात्र कंपनीकडे आधी लेखी तक्रार केलेली असावी लागते. नुसते फोन तिथं चालत नाहीत. वसुली एजंट सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर फोन करू शकत नाही, आणि थकबाकीवरून भाऊजींना किंवा शेजाऱ्यांना फोन लावून बदनामी करणं हेही नियमाबाहेर आहे. असा फोन आला तर तारीख-वेळ टिपून लोकपालाच्या तक्रारीतच जोडा.

फसल्यानंतर काही दिवसांत आणखी एक फोन येण्याची दाट शक्यता असते: "तुमचे पैसे परत मिळवून देतो, सायबर सेलमधून बोलतोय." तुमचं नाव आणि गेलेली रक्कम त्याला माहीत असते, कारण यादी पहिल्या टोळीकडूनच आलेली असते. तो स्क्रीन शेअर करायचं ॲप टाकायला लावतो किंवा 'फाइल चार्ज' मागतो. गोठवलेले पैसे परत मिळायला कुठलाही चार्ज लागत नाही. त्यासाठी बहुतेक वेळा न्यायालयात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज करावा लागतो. सोबत १९३० च्या तक्रारीची पोच, पैसे कापल्याचं स्टेटमेंट आणि कोणत्या खात्यात किती रक्कम गोठवली आहे याची पोलिसांकडून मिळालेली माहिती लावायची. अशी प्रकरणं लोकअदालतीतही निकाली निघतात, तेव्हा पुढची तारीख कधी आहे ते जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात विचारून घ्या.