सिबिल कोरं होतं, पहिली ओळ भलत्यानेच लिहिली

आधीच सांगून टाकते, क्रेडिट कार्डाच्या नावाखाली माझी फसवणूक झाली. हे वाचताना काहीजण म्हणणारच, "बी.कॉम. झालेली, अकाउंट्सला काम करणारी मुलगी, आणि ओटीपी दिलास?" दिला. दोन दिले. मीही आधी पेपरात अशा बातम्या वाचून "लोक इतके बावळट कसे" असंच म्हणायचे. म्हणून सगळं जसं घडलं तसं लिहितेय, माझी चूक झाकून न ठेवता.

बार्शीत आमचं किराणा दुकान आहे. आप्पांनी जन्मात कधी कर्ज काढलं नाही. मोटारसायकल रोख, घराचा वरचा मजला पाच वर्षांत एकेक खोली करत बांधला, तोही रोख. "कुणाचं एक रुपयाचं देणं नाही" हे वाक्य ते ज्या तोऱ्यात म्हणतात त्या तोऱ्यात लोक पदव्या सांगतात. २०२३ मध्ये मला चाकणला सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली. वर्षभराने ऑफिसमधल्या एका सीनियर बाईंनी कानात घातलं, "पुढे घराला कर्ज लागेल ना, मग आत्तापासून एक क्रेडिट कार्ड वापरायला लाग." पटलं. जिथे पगार जमा होतो त्याच बँकेत अर्ज केला. नामंजूर.

शाखेत गेले तर काउंटरवरच्या माणसाने स्क्रीन माझ्याकडे वळवली. सिबिल म्हणजे कुणी कर्ज कसं फेडलं याची नोंद ठेवणारी संस्था, आणि तिचा स्कोर ३०० ते ९०० मध्ये असतो, एवढं मला माहीत होतं. माझ्यापुढे लिहिलं होतं उणे एक. तो म्हणाला, "मॅडम, तुमचं सिबिल खराब नाहीये. ते नाहीच आहे."

मी चिडले, पण खरं सांगायचं तर त्यात बँकेचं काही चुकलं नव्हतं. आमच्या दुकानातही तेच चालतं. गल्ल्याशेजारी उधारीची वही असते. नवीन भाडेकरू आला आणि पहिल्याच दिवशी म्हणाला "मांडून ठेवा", तर आप्पा हसून नाही म्हणतात. चार-सहा महिने रोख घेतलं, बोलणं-चालणं झालं, की मग वहीत त्याचं पान उघडतं. पान आधी की भरवसा आधी, हा घोळ बँकेतही तसाच. फरक एवढाच की आप्पा चेहरा बघतात आणि बँक पॅन नंबर.

त्या रात्री रूमवर बसून मी दोन-तीन साइटवर "तुमची पात्रता तपासा" असे फॉर्म भरले. नाव, मोबाइल, पॅन, पगार. माझा नंबर कुठून गेला असेल याचा विचार केला की मला ती रात्र आठवते, पण सिद्ध काही करता येणार नाही.

तिसऱ्या दिवशी फोन आला. मराठीत. हिंदीत आला असता तर मी पहिल्या वाक्याला कट केला असता, हे नक्की. "ताई नमस्कार, कार्डाचा अर्ज रिजेक्ट झालाय ना तुमचा? घाबरू नका, पहिल्या कार्डाला सगळ्यांचंच होतं." मग गाव विचारलं. बार्शी म्हटल्यावर, "अरे वा, मग तुम्ही आमच्याच की! मी मोहोळचा." भगवंताच्या मंदिराचं नाव काढलं, ज्वारीचं काढलं. इंटरनेटवर दोन मिनिटांत मिळेल असलंच सगळं, पण चाकणच्या कॉटबेसिसच्या खोलीत संध्याकाळी सात वाजता ते ऐकायला बरं वाटलं. उगाच नाही म्हणत मी.

आणि आता मुद्द्याचं. त्याने मला जे समजावलं ते शंभर टक्के खरं होतं. तो म्हणाला, ज्याचा काहीच इतिहास नाही त्याला बँका मुदत ठेवीवर कार्ड देतात. तुम्ही एफडी करायची, बँक तिच्यावर लीन मार्क करते, म्हणजे ठेव तारण राहते. ठेवीच्या ८०-९० टक्के लिमिट मिळतं, ठेवीवर व्याज चालूच राहतं, आणि वेळेवर बिल भरत गेलं की साधारण सहा महिन्यांत स्कोर तयार होतो. पगाराचा पुरावासुद्धा बहुतेक ठिकाणी लागत नाही. मी फोन ठेवून शोधलं. खरंच अशी कार्डं आहेत, मोठमोठ्या बँका देतात. मी खातरजमा केली, फक्त चुकीच्या गोष्टीची केली. योजना खरी आहे का हे पाहिलं. हा माणूस त्या बँकेचा आहे का, हे पाहिलंच नाही. योजना खरी निघाली तेव्हा तोही आपोआप खरा वाटायला लागला.

२५ हजारांची एफडी ठरली. १५ माझे, १० आप्पांकडून मागवले. व्हॉट्सअ‍ॅपवर क्यूआर आला. तो आधीच म्हणाला होता, "ताई, स्कॅन केल्यावर एंटरप्रायझेस असं नाव दिसेल, ते आमच्या चॅनल पार्टनरचं आहे, दचकू नका." दिसलं तेच. आणि मी दचकले नाही, कारण दचकू नका असं आधीच सांगितलं होतं! यूपीआयमध्ये पिन टाकायच्या आधी समोरच्याचं नाव दाखवतात ते यासाठीच की आपण दचकावं. बँकेची एफडी कुणा एंटरप्रायझेसच्या खात्यात कशाला जाईल? ती आपल्याच खात्यातून, आपल्याच नेट बँकिंगमधून किंवा शाखेतून होते आणि आपल्याच खात्याच्या यादीत दिसते. तिथे दिसत नसेल तर ती एफडी नाही, मग पावती कितीही छान असो.

पावती छानच होती. लोगो, शिक्का, बारकोड. मुदत १२ महिने, दर ७.२५ टक्के, मुदतपूर्तीची रक्कम २६,८१२ रुपये. ही रक्कम लक्षात ठेवा, तिच्याकडे परत येते.

दुसऱ्या दिवशी "व्हिडिओ केवायसी". पॅन कॅमेऱ्यासमोर धरा, आधार धरा, आता डोळे मिचकावा, मान डावीकडे. मग, "एक ओटीपी आला असेल, तो केवायसीचा. सांगा." सांगितला. "अजून एक येईल, तो कार्ड जनरेशनचा." तोही सांगितला. फोन स्पीकरवर, व्हिडिओ चालू, आणि वरून पट्टी खाली येते तीत सहा आकडे आधी दिसतात. मेसेजमधलं बाकीचं मी वाचलं नाही. दुसऱ्या मेसेजमध्ये इंग्रजीत स्वच्छ लिहिलं होतं की हा ओटीपी ३१,४९० रुपयांच्या कर्जाच्या संमतीसाठी आहे, कोणालाही सांगू नका. तो मेसेज आजही माझ्या फोनमध्ये आहे. मी तो पहिल्यांदा पूर्ण वाचला त्याला मध्ये दोन महिने गेले होते.

मग "कार्ड डिस्पॅच झालंय, आठ-दहा दिवस." नवव्या दिवशी त्याचा फोन, कार्ड प्रोटेक्शन इन्शुरन्सचे २,९९९ रुपये भरा, मग अ‍ॅक्टिव्हेट होईल. मी सहज म्हटलं, "एफडीच्या व्याजातून कापून घ्या ना." खरंच सहज म्हटलं, संशयाने नाही. तो एकदम तडकला. "ताई, तुम्हाला कार्ड नको असेल तर सांगा, रांगेत बाकीचे आहेत." ती भाषा ऐकून पोटात काहीतरी हललं. आपल्या गिऱ्हाइकावर असं कोण ओरडतं?

फोन ठेवला आणि पावती उघडून बसले. कामाची सवय म्हणून कॅल्क्युलेटर घेतलं. २५ हजारांवर ७.२५ टक्क्यांनी सरळ व्याज काढलं तर १,८१२ रुपये ५० पैसे. म्हणजे पावतीवरचा आकडा सरळव्याजाचा. पण आपल्याकडे बँका असल्या ठेवीवर दर तिमाहीला चक्रवाढ करतात, तो हिशेब २६,८६२ येतो. पन्नास रुपयांचा फरक. पावती बनवणाऱ्याला व्याज काढता येत नव्हतं आणि मला येत असून मी नऊ दिवस काढलं नव्हतं. दिवसभर दुसऱ्यांची बिलं तपासते, दोन रुपयांचा फरक आला तर व्हेंडरला मेल टाकते. असो.

१९३० ला फोन लावला. सायबर फसवणुकीचा हा हेल्पलाइन नंबर, आणि तक्रार ऑनलाइन पोर्टलवरही करता येते. त्यांचा पहिला प्रश्न, "पैसे कधी गेले?" नऊ दिवसांपूर्वी म्हटल्यावर पलीकडच्या मुलाचा आवाज जरा पडला. पहिल्या तासा-दोन तासांत कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता असते. नऊ दिवसांत ते कुठल्या कुठे पोचले होते. बँकेतही गेले. तिथे कळलं की रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा एक नियम आहे, तिसऱ्याच कुणाच्या लबाडीने खात्यातून परस्पर पैसे गेले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भुर्दंड नाही. पण मी पिन स्वतः टाकला होता. "परस्पर" म्हणायला जागाच नव्हती.

आप्पांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग, "जेवलीस का?" एवढंच.

मला वाटलं, संपलं. २५ हजारांची फी भरली म्हणायची. पण सप्टेंबरात वसुलीचे फोन सुरू झाले. मोबाइल हप्त्यावर घेतलाय, पहिला हप्ता थकलाय. आधी वाटलं हीसुद्धा नवी टोळी. मग सिबिलचा रिपोर्ट काढला. देशात अशा चार संस्था आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. रिपोर्ट उघडला. जिथे जूनमध्ये काही नव्हतं तिथे आता एक खातं होतं. ग्राहकोपयोगी वस्तूसाठी कर्ज, ३१,४९० रुपये, थकीत. आप्पांच्या घराण्यातलं पहिलं कर्ज माझ्या नावावर, आणि तेही बुडवलेलं.

अशा कर्जात पैसे आपल्या खात्यात येतच नाहीत, थेट दुकानदाराला जातात. म्हणून मला पत्ता लागला नाही. बिल वेगळ्याच राज्यातल्या एका दुकानाचं होतं, ज्या शहरात मी कधी पाऊल ठेवलं नाही. कर्ज देणाऱ्या कंपनीकडे दहा वेळा मेल केल्यावर त्यांनी फाइलमधला "ग्राहकाचा फोटो" पाठवला. मीच होते. डोळे अर्धवट मिटलेले, आणि मागे भिंतीवर आमच्या रूमचं कॅलेंडर, जुलैचं पान. २५ हजार गेल्याचं कळलं तेव्हा मी रडले नव्हते. त्या फोटोला रडले.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी केवळ पैसे गमावून सुटला असाल आणि कागदपत्रंही दिली असतील, तर महिना-दोन महिन्यांनी चारही ठिकाणचे रिपोर्ट काढून बघाच. मी पहिल्यांदा हे कुणाकडूनच ऐकलं नव्हतं. पोलिसांकडेही पैशाचंच बोलणं झालं.

पुढचं लांबण लावत नाही. सायबर पोर्टलच्या तक्रारीची पोच, पोलीस ठाण्यातला अर्ज, त्या दिवशीचा ऑफिसच्या हजेरीचा उतारा असं सगळं जोडून सिबिलच्या साइटवर डिस्प्यूट, म्हणजे नोंद चुकीची असल्याची तक्रार, टाकला आणि कर्ज देणाऱ्या कंपनीच्या तक्रार विभागालाही लेखी दिलं. फोनवर भांडून काही होत नाही, मेल हवा, तारीख हवी. अशी दुरुस्ती ३० दिवसांत झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. मेलमध्ये मी हा नियम लिहिला आणि उत्तरांचा सूर बदलला, हा माझा अनुभव. २८ व्या दिवशी नोंद निघाली. चौकशीची ओळ, म्हणजे अमुक कंपनीने अमुक तारखेला तुमची माहिती मागितली ही, अजून रिपोर्टात दिसते. ती बघायची सवय झालीय.

आता कार्ड आहे माझ्याकडे. शाखेत जाऊन, माझ्याच खात्यातून २० हजारांची एफडी केली, समोर बसून. त्याच काउंटरवरच्या माणसाने फॉर्म भरून घेतला. कुठलाही वेगळा क्यूआर नाही, पार्टनर नाही, इन्शुरन्स नाही. एफडी संध्याकाळी अ‍ॅपमध्ये दिसायला लागली, नावापुढे लीनची रक्कम. मी पहिल्यांदा मुदतपूर्तीची रक्कम कॅल्क्युलेटरवर ताडून पाहिली. बरोबर होती. पहिलं बिल ६४० रुपयांचं आलं, त्यात ४१० चं पेट्रोल.

दिवाळीला घरी गेले तेव्हा आप्पांनी ते कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं. उधारीच्या वहीत शेवटची दोन पानं बुडीत खात्याची असतात, गाव सोडून गेलेल्यांची, वारलेल्यांची. तिथे त्यांच्या अक्षरात एक नवी ओळ दिसली, २५,००० रुपये. नावाच्या रकान्यात मोबाइल नंबर लिहिलाय, कारण नाव आम्हाला माहीत नाही. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा ते अजून कधीकधी तो नंबर लावून बघतात. बंद लागतो.