'इनर चाइल्ड हीलिंग'चं पॅकेज घेण्याआधी

बाबा गेल्यानंतर मला धड झोप लागेना. फॅमिली डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी गोळी सुरू केली आणि 'जोडीला थेरपी घ्या' म्हणाले. पुण्यातसुद्धा चांगल्या थेरपिस्टची वेळ लवकर मिळत नाही. या मधल्या वेळात माणूस मोबाइल चाळत बसतो, आणि काही मंडळी त्याचीच वाट बघत असतात.

इन्स्टाच्या रीलवरून मी ९९ रुपयांच्या वेबिनारला गेले. शेवटी ऑफर आली: 'इनर चाइल्ड हीलिंग' (म्हणे लहानपणीच्या जखमा भरून काढणं) आणि 'पास्ट लाइफ रिग्रेशन' (म्हणे संमोहनाने मागच्या जन्मात नेणं) मिळून पासष्ट हजारांचं पॅकेज आज नाव नोंदवलं तर बेचाळीस हजारांत, वर ईएमआयची सोय. पैसे सगळे आगाऊ. पावतीवर 'वेलनेस वर्कशॉप' एवढंच होतं, थेरपी हा शब्दही नाही. खाली बारीक अक्षरांत 'रक्कम परत मिळणार नाही'.

सेशन घेणाऱ्या, सगळे ज्यांना मॅम म्हणायचे त्या बाईंचं बोलणं गोड होतं, हे कबूल करायला हवं. भिंतीवर फ्रेम केलेली सर्टिफिकेटं होती. पडदे ओढलेले, अंगावर शाल, आणि मॅम हळू आवाजात विचारायच्या, "आता तू आईच्या पोटात आहेस. तिला तू नको आहेस, हे जाणवतंय का?" मी नाही म्हटलं. "नाही म्हणतेयस, म्हणजे तिथेच ब्लॉक आहे." पुढच्या सेशनला पुन्हा तेच, त्यापुढच्यालाही तेच. शेवटी मला ते 'जाणवायला' लागलं. मी आईचे फोन घेणं बंद केलं. बाबा जाऊन वर्षही झालं नव्हतं, आणि आई घरात एकटी होती. बेचाळीस हजारांपेक्षा मला या गोष्टीचा संताप जास्त आहे.

तिथे चालायचं ते संमोहनच. संमोहनाने आठवणी जास्त खऱ्या होत नाहीत, त्या खऱ्या असल्याची आपली खात्री तेवढी वाढते. एलिझाबेथ लॉफ्टस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. 'लहानपणी तू मॉलमध्ये हरवला होतास' अशी खोटी गोष्ट २४ जणांना सांगितली, तर सुमारे पाव लोकांना ती थोडीफार 'आठवली'. तिथे शालही नव्हती आणि मंद दिवाही नव्हता.

मग "गोळ्यांनी एनर्जी दबते, हळूहळू सोड" सुरू झालं. मी हे डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी एकच विचारलं, "त्यांचा आरसीआय नंबर काय?" म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच्या नोंदणीचा नंबर. मॅमना विचारलं तर उत्तर आलं, "तुझा ट्रस्ट इश्यू आहे." त्याच आठवड्यात 'लेव्हल टू' करून स्वतःच हीलर व्हायचा आग्रहही झाला, अर्थात वेगळ्या फीमध्ये. भिंतीवरची सर्टिफिकेटं वीकेंड कोर्सची होती, हे मला तेव्हा कळलं.

आता कामाचं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते. तसा कायदा १९९२ चा आहे. त्या व्यक्तीचं नाव परिषदेच्या नोंदवहीत ऑनलाइन शोधता येतं. मानसोपचारतज्ज्ञ हे एमबीबीएस झालेले डॉक्टर असतात, त्यांची नोंदणी मेडिकल कौन्सिलकडे असते. समुपदेशकाकडे आरसीआय नसेल तर तेवढ्याने तो खोटा ठरत नाही. पण मानसशास्त्रात एमए कुठून केलं आणि सुपरव्हिजन, म्हणजे कामावर अनुभवी तज्ज्ञाची देखरेख, कोणाकडे आहे, हे तो न चिडता सांगतो. 'हीलर', 'लाइफ कोच' अशी पाटी कोणीही लावू शकतं. अख्ख्या पॅकेजचे पैसे आधी मागणाऱ्याला आणि डॉक्टरांची गोळी बंद करायला सांगणाऱ्या बिगरडॉक्टरला तिथल्या तिथे नमस्कार करा. थेरपिस्ट मिळेपर्यंत नुसतं बोलायचं असेल तर सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

सध्या मी ज्यांच्याकडे जाते त्यांनी पहिल्या दिवशी झोपेबद्दल, गोळ्यांबद्दल विचारलं, गोपनीयतेचा कागद वाचायला दिला आणि फी दर भेटीची सांगितली. आईला काय झालं ते सगळं सांगितलंय. ती बोलते, पण पूर्वीसारखं अजून नाही.

पावती आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेजचे स्क्रीनशॉट जपून ठेवले होते, म्हणून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता आली. पैसे अजून आलेले नाहीत. दरम्यान त्या केंद्राचं इन्स्टावरचं नाव बदललंय. वेबिनार मात्र तोच आहे, ९९ रुपयांचा.