पंचेचाळीसच्या पिस्तुलातील रिकॉइल स्प्रिंग: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या फेब्रुवारीत मी माझ्या १९११ पद्धतीच्या (अमेरिकी लष्कराच्या जुन्या नमुन्यावर बेतलेल्या) .४५ कॅलिबरच्या पिस्तुलासाठी रिकॉइल स्प्रिंगांचे एक पाकीट घेतले. गोळी सुटल्यावर मागे गेलेली स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, पुन्हा पुढे ढकलणारी ही स्प्रिंग. त्यात १२, १४, १६ आणि १८.५ पौंडांच्या चार स्प्रिंगा होत्या. त्यानंतरच्या आठ महिन्यांत या पिस्तुलातून मी सुमारे २६०० गोळ्या झाडल्या आणि प्रत्येक वेळची नोंद वहीत ठेवली. हा अनुभव त्या नोंदींवरून लिहीत आहे. स्प्रिंग बदलली आणि दोष गेला, इतके सरळ हे प्रकरण नव्हते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

मी अमेरिकेतील ओहायोत राहतो आणि येथील क्लबच्या हिवाळी स्पर्धांमध्ये बुल्सआय, म्हणजे गोल लक्ष्याच्या मध्यावर नेम धरण्याची, नेमबाजी करतो. ही नेमबाजी एका हाताने करायची असते. टाइम्ड फायरमध्ये २० सेकंदांत पाच आणि रॅपिड फायरमध्ये १० सेकंदांत पाच गोळ्या झाडाव्या लागतात. त्यामुळे पिस्तूल अडले की फेरी विस्कटते. माझे पिस्तूल पाच इंची नळीचे, दुसऱ्याकडून घेतलेले आहे. मला मिळण्यापूर्वी त्यातून किती गोळ्या गेल्या होत्या हे समजण्यास मार्ग नव्हता. पहिल्या हजारभर गोळ्या निर्वेध गेल्या. नोव्हेंबरपासून मात्र स्लाइड पूर्ण बंद न होता साधारण तीन मिलिमीटर मागे थांबू लागली. स्लाइडचे मागचे टोक फ्रेमच्या बाहेर थोडेसे आलेले दिसे, चाप ओढला तरी घोडा पडत नसे, आणि अंगठ्याने मागून हलकेच दाबल्यावर स्लाइड बारीकसा आवाज करून जागेवर बसे. सुरुवातीला पन्नास गोळ्यांत एकदा होणारा हा प्रकार जानेवारीपर्यंत पंधरा गोळ्यांत एकदा होऊ लागला.

येथे मी जी चूक केली ती अनेक जण करतात, म्हणून सांगतो. मी आधी मॅगझिनला दोष दिला. सगळ्या मॅगझिनच्या स्प्रिंगा बदलल्या, त्यात एक मॅगझिन खरोखरच सदोष निघाले आणि दोन आठवडे बरे गेले. त्यामुळे मूळ दोष सापडला असे मला वाटले, पण तसे नव्हते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी हा नियम मी पाळला नव्हता, कारण त्याच आठवड्यात मी पिस्तूल नीट साफ करून तेलही दिले होते. ते दोन आठवडे कशामुळे बरे गेले हे मला आजही ठरवता येत नाही.

नंतर एका अनुभवी नेमबाज मित्राने जो क्रम सांगितला तो मला पटला. मॅगझिन काढायचे, चेंबर (नळीचा काडतूस बसण्याचा मागचा भाग) डोळ्यांनी आणि बोटाने तपासायचे, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवायची आणि मगच पिस्तूल खोलायचे. खोलताना डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण नळीच्या पुढच्या टोकापाशी स्प्रिंग झाकणारे टोपण दाबलेल्या स्प्रिंगच्या जोराने सुटून तोंडावर येऊ शकते. माझ्या हातून ते एकदा सुटले आणि समोरच्या भिंतीच्या रंगावर त्याची खूण अजून आहे.

पहिली तपासणी स्प्रिंगशिवाय करायची. रिकॉइल स्प्रिंग काढून ठेवून नळी, बुशिंग (नळीचे पुढचे टोक स्लाइडमध्ये धरणारे कडे) आणि स्लाइड फ्रेमवर परत बसवायची आणि पिस्तूल पुढे-मागे कलते करून पाहायचे. स्लाइड आपल्या वजनानेच विनाअडथळा सरकत असेल आणि शेवटी नळीसह जागेवर बसत असेल, तर घर्षणाचा दोष नाही. माझी स्लाइड सरळ सरकली. दुसरी तपासणी काडतुसांची. नळी सुटी काढून तिच्या चेंबरमध्ये काडतूस सोडले की ते टक् असा आवाज करून पूर्ण आत बसले पाहिजे आणि नळी उलटी केल्यावर आपोआप बाहेर पडले पाहिजे. लक्ष्यवेधासाठी मी सपाट टोकाच्या, खांद्यावर धार असलेल्या शिशाच्या गोळ्या वापरतो. त्यांचा खांदा चेंबरच्या तोंडाशी अडकणे हा .४५ मधला नेहमीचा त्रास आहे. पेटीतली वीस काडतुसे अशी तपासली आणि सर्व नीट बसली. एक्स्ट्रॅक्टरचा, म्हणजे पुंगळी चेंबरमधून ओढून काढणाऱ्या आकड्याचा, ताणही ठीक होता. तेव्हा कुठे संशय स्प्रिंगवर आला.

मी जुनी स्प्रिंग उजेडात धरून प्रथमच नीट पाहिली. एका बाजूच्या कड्या घासून चकचकीत झालेल्या होत्या, म्हणजे ती आपल्या आतल्या मार्गदर्शक दांड्यावर वाकून चालत होती. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची निघाली. तिचे एक टोक कारखान्यात बंद केलेल्या कडीचे नव्हते. ते पकडीने तिरके कापलेले होते आणि त्या धारदार टोकाने टोपणाच्या आतल्या बाजूस गोल ओरखडा पाडला होता. आधीच्या कोणा मालकाने हलक्या (कमी दारू भरलेल्या) गोळ्यांसाठी पिस्तूल मऊ करावे म्हणून जड स्प्रिंगच्या काही कड्या कापल्या असाव्यात, असा माझा अंदाज आहे.

कड्या कापणे का चुकीचे आहे हे मला मोजमापातून समजले. या पिस्तुलाच्या स्प्रिंगच्या वेष्टनावर लिहिलेले पौंड म्हणजे स्लाइड पूर्ण मागे गेल्यावर, स्प्रिंग सुमारे १.६ इंचांपर्यंत दाबली गेल्यावर लागणारा जोर. स्लाइड बंद असताना तीच स्प्रिंग साधारण ३.७ इंच लांब असते आणि तेव्हा तिचा जोर बराच कमी असतो. स्लाइडला शेवटचे काही मिलिमीटर ढकलून काडतूस चेंबरमध्ये बसवण्याचे काम याच कमी जोरावर होते. मी टपालाच्या वजनकाट्यावर लाकडी दांडा उभा करून त्यावर स्प्रिंग चढवली आणि भोक पाडलेल्या ठोकळ्याने दाबून दोन्ही लांबींवरचे आकडे घेतले. कापलेली जुनी स्प्रिंग मोकळी असताना ५.३ इंच भरली. पाकिटातली १४ पौंडांची नवी स्प्रिंग पहिल्या शंभर गोळ्यांनंतर ६.३ इंच होती. पूर्ण दाबल्यावर दोन्हींचा जोर जवळजवळ सारखाच, १४ पौंडांच्या आसपास आला. स्लाइड बंद असतानाच्या लांबीला मात्र नवी स्प्रिंग पावणेआठ पौंड देत होती आणि जुनी जेमतेम सहा. कड्या कमी झाल्या की स्प्रिंग प्रत्येक इंचाला अधिक कडक होते, पण तिची मोकळी लांबी घटते. त्यामुळे मागच्या टोकाला जोर तितकाच दिसतो आणि जिथे जोर सर्वांत आवश्यक असतो तिथेच तो कमी पडतो. स्लाइड मागे ओढताना मला ती स्प्रिंग कधीच ढिली वाटली नव्हती. हाताच्या अंदाजावर विसंबून मी तीन महिने घालवले.

नव्या स्प्रिंगविषयीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. पाकिटातून काढताना तिची लांबी ६.५ इंच होती आणि पहिल्या शंभर गोळ्यांत ती पाव इंचाच्या आसपास बसली, म्हणजे आखूड झाली. हे बसणे स्वाभाविक आहे, झिजल्याचे लक्षण नव्हे. म्हणून जुन्या स्प्रिंगची तुलना अगदी कोऱ्या स्प्रिंगशी न करता अशा बसलेल्या स्प्रिंगशी करावी.

१४ पौंडांची लावण्याआधी मी दुसऱ्या टोकाची चूक केली होती. स्लाइड बंद होत नाही ना, मग जोर वाढवू, असा विचार करून थेट १८.५ पौंडांची स्प्रिंग लावली. बंद होण्याचा त्रास त्याच दिवशी संपला, पण माझ्या हलक्या गोळ्यांना ती स्लाइड पूर्ण मागे नेता येईना. रिकाम्या पुंगळ्या लांब पडण्याऐवजी पायाशी पडू लागल्या, दोन पुंगळ्या स्लाइड आणि चेंबरच्या मध्ये उभ्या अडकल्या, आणि मॅगझिन संपल्यावर स्लाइड मागे अडकून राहणे जवळजवळ बंद झाले. याशिवाय स्लाइड पुढे येताना पिस्तुलाचे तोंड खाली झुकत होते, आणि रॅपिड फायरमध्ये प्रत्येक गोळीनंतर नेम पुन्हा वर आणावा लागत होता. चाळीस गोळ्यांनंतर ती स्प्रिंग काढून ठेवली.

त्यानंतर १४ पौंडांची लावली आणि तीच कायम केली. पुंगळ्या उजवीकडे मागच्या बाजूस, साधारण दीड-दोन मीटरवर, एकाच टापूत पडू लागल्या. पुंगळ्या कुठे पडतात हे पाहणे ही सर्वांत सोपी आणि विनामूल्य चाचणी आहे, आणि प्रत्येकाने ती सुरुवातीपासून करावी असे मी आग्रहाने सांगेन. त्या एकाएकी फार लांब फेकल्या जाऊ लागल्या, तर स्प्रिंग थकली असण्याचा संभव असतो आणि स्लाइड फ्रेमवर अधिक जोराने आपटत असते. मात्र घोड्याची स्प्रिंगही स्लाइडला मागे जाताना विरोध करते, म्हणून कोणी चाप हलका करण्यासाठी ती बदललेली असेल, तर रिकॉइल स्प्रिंग चांगली असूनही पुंगळ्या लांब जातील. या पिस्तुलाची नेहमीची घोड्याची स्प्रिंग २३ पौंडांची असते. माझ्या पिस्तुलात कोणती आहे हेही मी तपासून घेतले, ती मूळचीच निघाली.

नेहमीच्या २३० ग्रेन (सुमारे १५ ग्रॅम) वजनाच्या पूर्ण ताकदीच्या गोळ्या झाडायच्या असतील तेव्हा मी १६ पौंडांची लावतो. पाच इंची १९११ साठी हीच नेहमीची स्प्रिंग आहे. दोन प्रकारच्या गोळ्यांना एकच स्प्रिंग चालवण्याचा मोह होतो, पण ती बदलायला पाच मिनिटे पुरतात. बसवताना एवढेच पाहावे की ज्या टोकाची कडी घट्ट बसते ते टोक मार्गदर्शक दांड्यावर जावे.

आता आकडे. १४ पौंडांच्या स्प्रिंगवर सुमारे २१०० गोळ्या झाल्या आणि १६ वर सुमारे साडेचारशे. नव्या स्प्रिंगा लागल्यापासून, १८.५ चे ते चाळीस सोडून, एकूण तीन वेळा पिस्तूल अडले. त्यांपैकी दोन वेळा काडतूसच सदोष होते, कारण नंतर ते सुट्या नळीतही बसले नाही. तिसऱ्या वेळी कारण मिळाले नाही, तशी नोंद वहीत आहे. ऑक्टोबरमध्ये १४ ची स्प्रिंग पुन्हा मोजली तेव्हा ती ६.१ इंच भरली आणि बंद लांबीला सव्वासात पौंड देत होती. ती अजून चालली असती. तरीही मी ती बदलली, कारण एका स्प्रिंगची किंमत पन्नास गोळ्यांच्या पेटीपेक्षा कमी आहे आणि स्पर्धेचा हंगाम नोव्हेंबरमध्ये सुरू होतो.

एक सूचना मात्र स्प्रिंगच्या पलीकडची आहे आणि तिच्यात हयगय करू नये. गोळीचा आवाज नेहमीपेक्षा मंद आला आणि स्लाइड नीट फिरली नाही, तर तो स्प्रिंगचा दोष समजून स्लाइड ओढून पुढची गोळी मुळीच झाडू नये. आधीची गोळी नळीतच अडकलेली असू शकते आणि तिच्यामागून दुसरी गेली तर नळी फुटते. तेथेच थांबावे, पिस्तूल रिकामे करून खोलावे आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहावे. भारतात परवान्यावर .२२ चे क्रीडा पिस्तूल वापरणाऱ्यांनाही हे तितकेच लागू आहे. स्प्रिंगचे आकडे मात्र त्यांनी माझे घेऊ नयेत. त्यांच्या पिस्तुलाची रचना वेगळी असते आणि तिथे उत्पादकाचा भाग आणि अधिकृत शस्त्रदुरुस्ती करणारा यांवरच विसंबावे.

पाकिटाविषयी माझी एकच तक्रार आहे. चारही स्प्रिंगा दिसायला सारख्या आहेत आणि एकीवरही आकडा किंवा रंगाची खूण नाही. वेष्टने सुटली की कोणती किती पौंडांची हे डोळ्यांनी सांगता येत नाही आणि माझी एकदा १४ आणि १६ ची अदलाबदल झालीच. आता प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधून ठेवतो आणि बसवण्यापूर्वी दोरा काढून वहीच्या त्या दिवसाच्या पानावर चिकटवतो. १२ ची अद्याप वापरलेली नाही. कापलेली जुनी स्प्रिंग मी फेकली नाही. क्लबमध्ये कोणी कड्या कापण्याविषयी विचारले, तर ती आणि १४ ची शेजारी शेजारी वजनकाट्यावर दाबून दाखवतो.