कोरड्या विहिरींचा स्वच्छ अहवाल

इंदूरच्या सांवेर रोड औद्योगिक क्षेत्रात माझ्या काकांचा क्रोम प्लेटिंगचा कारखाना होता. तो बंद पडल्यावर जागा गोदामासाठी विकायचे ठरले, तेव्हा घेणाऱ्याने एकच अट घातली: माती आणि भूजल स्वच्छ असल्याचा अहवाल हवा. ज्या सल्लागाराने आम्हाला तो अहवाल दिला, त्याची ओळख रामबागेतल्या गणेशोत्सवात झालेली होती. माणूस मराठी बोलणारा, काकांच्या पाया पडणारा. आणि इंदुरात ‘आपला माणूस’ म्हटले की आपण करारपत्र नीट वाचत नाही.

त्याचे म्हणणे ऐकायला पटण्यासारखे होते. वर पाच-सहा फूट काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा पत्थर. प्लेटिंगच्या टाकीतून झिरपलेले क्रोमियम मातीतच अडकते, पत्थर त्याला खाली उतरू देत नाही, म्हणून पाच फूट माती उचलून नवी भरली की काम संपले. यातले प्रत्येक वाक्य अर्धेच खरे आहे, हे कळायला आम्हाला एक पावसाळा जावा लागला. क्रोमियमची दोन रासायनिक रूपे असतात, त्रिसंयुजी आणि षट्संयुजी. त्रिसंयुजी मातीला बऱ्यापैकी धरून राहते. प्लेटिंगच्या टाकीतून झिरपते ते मात्र मुख्यतः षट्संयुजी, आणि ते पाण्यात विरघळून पाण्याबरोबरच चालू लागते. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात आक्रसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यामुळे पहिल्या पावसाचे पाणी मातीत न मुरता थेट मुरुमात उतरते. राहिला पत्थर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे हे थर स्वतः घट्ट असले, तरी त्यांच्यात सांधे आणि फटी असतात, आणि आपल्या कूपनलिकांना पाणी मिळते ते याच फटींतून. ज्या पत्थरातून आपण पाणी उपसतो तो पाणी जाऊ देत नाही, या विधानातला विरोध आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आला नाही.

खरी चलाखी पुढे होती. त्याने मे महिन्याच्या अखेरीस निरीक्षणासाठी तीन विहिरी, म्हणजे नळी घातलेली अरुंद भोके, घेतल्या, प्रत्येकी चाळीस फूट, आणि तिन्ही रस्त्याच्या कडेला एका ओळीत. त्या कोरड्या निघाल्या. अहवालात ‘भूजल आढळले नाही’ अशी नोंद झाली आणि पुढच्याच पानावर तिचे ‘भूजल प्रदूषण आढळले नाही’ असे रूपांतर झाले. भूजल कोणत्या दिशेला वाहते हे ठरवायला एका रेषेत नसलेल्या किमान तीन विहिरी, त्यांच्या तोंडांची मोजलेली उंची आणि त्यांतली पाण्याची पातळी लागते. आमच्या जागेचा उतार मागच्या नाल्याकडे आहे. म्हणजे पाणी असते, तरीही या तिन्ही विहिरींना टाकीखालून आलेला थेंब दिसला नसता.

पाण्याचा एकमेव नमुना त्याने कारखान्याच्या जुन्या, खोल कूपनलिकेतून घेतला. मी समोर उभा होतो. बाटलीत आम्ल टाकताना पाहून मला उलट त्याच्या काटेकोरपणाचे कौतुक वाटले. एकूण क्रोमियम मोजायचे असेल तर आम्ल टाकणे बरोबरच आहे; पण अहवालात आकडा होता तो फक्त षट्संयुजी क्रोमियमचा, आणि आम्लात त्याचे त्रिसंयुजीत रूपांतर होत असल्यामुळे तो ‘आढळत नाही’. प्रयोगशाळेच्या कागदावर मान्यतेचे बोधचिन्ह होते. ती मान्यता कोणत्या तपासण्यांपुरती आहे याची यादी एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या मंडळाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. आम्ही ती नंतर पाहिली. तिच्यात क्रोमियम नव्हते.

बिंग फोडले ते घेणाऱ्याच्या बाजूने आलेल्या एका निवृत्त भूशास्त्राच्या प्राध्यापकांनी. त्यांनी विहिरींचे थरवार नोंदपत्रक वाचले आणि विचारले, “अहो, चार मीटर बारीक वाळू तुमच्या जागेत आली कुठून?” अशी वाळू वडोदऱ्याकडे, मही नदीच्या गाळात शोभते, सांवेर रोडवर नाही. शिवाय तिन्ही विहिरींतले थर दहा सेंटिमीटरपर्यंत जुळत होते. पत्रक दुसऱ्याच कुठल्या तरी जागेचे होते.

त्यांच्या सांगण्यावरून सप्टेंबरात आम्ही नाल्याच्या बाजूला नवी विहीर घेतली. अठरा फुटांवर पाणी लागले. नळीत साचलेले पाणी तिपटीने उपसून टाकल्यावर जे वर आले, ते षट्संयुजी क्रोमियमच्या रंगाचे, फिकट पिवळे होते.

उचललेल्या मातीची कथा थोडक्यात सांगतो. ती पीथमपूरच्या घातक कचरा केंद्रात गेली असे बिलात लिहिले होते. अशा मालाबरोबर घातक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांप्रमाणे ‘नमुना 10’ हे वाहतुकीचे पत्रक जाते, सात रंगांच्या सात प्रतींत, आणि केंद्राने सही केलेली प्रत पाठवणाऱ्याकडे परत येते. आमच्याकडे होत्या ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या अकरा पावत्या, वजनकाट्याची पावती, म्हणजे काटापट्टी, एकही नाही. माती शहराबाहेरच्या एका सोडलेल्या खदानीत सापडली, आणि कायद्याने ती अजून आमचीच आहे, सल्लागाराची नव्हे.

साडेनऊ लाख गेले, सौदा मोडला, पोलिसांत आणि प्रदूषण मंडळाकडे तक्रार दिली आहे. काका त्याचे नाव घरात काढू देत नाहीत. नाल्याच्या बाजूच्या शेजाऱ्यांच्या कूपनलिकेचे पाणी आम्ही तपासून घेतले, या वेळी बिनआम्लाच्या बाटलीत, बर्फात ठेवून, चोवीस तासांच्या आत. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला 0.05 मिलिग्रॅम आहे, आणि पाण्याला पिवळा रंग दिसू लागतो तोवर ती केव्हाच ओलांडलेली असते. शेजाऱ्यांचे पाणी काचेसारखे स्वच्छ दिसत होते. आकडा मर्यादेच्या वर आला. तिथला चौकीदार आमच्या स्वच्छ अहवालाच्या भरवशावर उन्हाळ्यापासून तेच पाणी पीत होता. आता त्याच्यासाठी रोज दोन कॅन पाणी आम्ही पाठवतो.