शेतावर जाऊन वेल्डिंग: पैसे रॉडवर घ्यायचे, तासावर, उक्ते की किलोवर?

आयटीआय करून नाशिकच्या अंबड नाहीतर सातपूर एमआयडीसीत चार-पाच वर्षं काढलेली, हात चांगला बसलेला, आणि आता पिकअपमध्ये जनरेटर आणि मशीन टाकून निफाड-दिंडोरी साइडला शेतावरची कामं धरायची आहेत, अशी बरीच पोरं विचारतात की दादा रेट काय लावू. रेटवर येतोच, पण त्याच्या आधी पैसे कशावर मोजायचे ते ठरवा. मोजायची पद्धतच चुकली तर रेट कितीही चांगला लावा, महिनाअखेर हातात काही राहत नाही. आपल्याकडे चार पद्धती चालतात: रॉडवर, तासावर, उक्तं आणि किलोवर. माझं मत आधीच सांगतो. शेतावरच्या रिपेअरिंगला जाण्यायेण्याचे पैसे वेगळे आणि जागेवरचे तासावर वेगळे, हेच परवडतं. बाकीच्या पद्धती ठरावीक कामांपुरत्या ठेवा.

एकच काम घेऊन सगळ्या पद्धती लावून बघू म्हणजे कळेल. निफाड साइडला काम आहे, एका बाजूने ४० किलोमीटर, जाऊन येऊन ८०. ट्रॉलीची पुढची दांडी, जिथे ट्रॅक्टरची पिन बसते, तिथे तडा गेलाय. तुमचा खर्च धरा: डिझेल ६००, जनरेटरचं पेट्रोल २००, रॉड आणि ग्राइंडरच्या चकत्या ३००, हेल्परचा अर्धा दिवस ३५०, गाडी-मशीनची झीज २५०. झाले १७०० रुपये, आणि यात तुमची स्वतःची मजुरी अजून धरलेलीच नाही. हे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, तुम्ही तुमचे टाका, पण झीज सोडू नका. बहुतेक जण तीच सोडतात आणि मग जनरेटर बसला की व्याजाने पैसे काढावे लागतात.

आता रॉडवर. गावातल्या दुकानात हीच पद्धत आहे आणि शेतकऱ्याच्या डोक्यात पण हीच बसलीय, फोनवरच विचारतात, "मिस्त्री, दोन टाके तर मारायचेत, रॉडला काय घेतो?" समजा या दांडीला दहा नंबरचे, म्हणजे ३.१५ एमएमचे, २० रॉड लागले आणि तुम्ही रॉडला ५० लावले तर झाले १०००. घरून ७०० घालून आलात. गावातल्या दुकानदाराला रॉडवर परवडतं कारण गिऱ्हाईक त्याच्या दारात येतं आणि विजेचं मीटर त्याच्या दुकानात असतं. तुमचं तसं नाही.

बरं नुसता तोटा हा एकच प्रॉब्लेम नाही. एक रॉड जळायला मिनिट-दीड मिनिट, म्हणजे २० रॉड अर्ध्या तासात संपले, पण तुम्ही जागेवर अडीच तास असता. बाकीचे दोन तास कशात गेले ते बघा: चिखल आणि ग्रीसचा थर खरवडून काढला, ट्रॅक्टर जोडलेला होता तो सोडवून बाजूला घ्यायला लावला, तडा नेमका कुठे संपतो ते शोधून त्याच्या टोकाला भोक पाडलं म्हणजे तो पुढे सरकणार नाही, ग्राइंडरने तडा पूर्ण उघडून व्हीच्या आकाराची खाच केली, जॅक लावून दांडी लाइनीत आणली, टाके मारून परत बघितलं, मग एकावर एक थर भरले, दर थराला स्लॅग, म्हणजे वर जमणारी खपली, काढली, शेवटी वरून पट्टी बसवली. याच कामाने ती ट्रॉली कांदा भरून लासलगावला जाताना रस्त्यात सुटणार नाही. आणि रॉडच्या हिशोबात यातल्या कशाचाच पैसा नाही. उलट ज्याने साफ न करता नुसता वरून मसाला ओतला त्याचे ३० रॉड लागतात आणि त्याला जास्त मिळतात, म्हणजे चांगलं काम करणाऱ्याचं नुकसान आणि थापा मारणाऱ्याचा फायदा. मला या पद्धतीचा मनापासून राग आहे तो यासाठी.

नुसतं तासावर घेतलं तर? तासाला ६०० धरा, अडीच तासाचे १५००, तरी २०० कमीच पडले, कारण रस्त्यात गेलेले दोन-अडीच तास आणि डिझेल कुणीच दिलं नाही. त्यात शेतकऱ्याला घड्याळाची धास्ती असते, तुम्ही चहा प्यायला बसलात तरी तो मोजतो, आणि त्याचंही चूक नाही, त्याला शेवटी आकडा किती होईल तेच माहीत नसतं.

उक्त्यात आकडा आधी ठरतो म्हणून दोघांनाही बरं वाटतं. व्हॉट्सअॅपवर फोटो आला, तुम्ही २५०० सांगितले, सगळं नीट झालं तर ८०० सुटतात. पण शेतावरचा फोटो कधी खरं सांगत नाही. फोटोत बोटभर तडा दिसतो आणि जाऊन रंग खरवडला की आधी कुणीतरी तीन वेळा मारलेलं वेल्डिंग सापडतं, ते सगळं काढूनच नवीन मारावं लागतं, झाले दीड-दोन तास जास्त. मग एकतर ८०० घालवा नाहीतर घाई करा. म्हणून उक्तं फक्त अशाच कामाला जे तुम्ही बरेचदा केलंय आणि ज्याचा वेळ तुम्हाला झोपेत पण सांगता येतो. पलटी नांगराच्या फाळाला हार्डफेसिंग रॉडने, म्हणजे लवकर न झिजणाऱ्या कडक रॉडने, थर चढवणं, हे नगावर घ्या, बिनधास्त. मे महिन्यात एका वस्तीवर चार-पाच जणांचे फाळ एकत्र आले तर नगाचा रेट कमी करा, तरी पैसे चांगले सुटतात.

आणि फेरी अधिक तास. ८० किलोमीटरला १५ रुपयांनी १२००, जागेवरचे अडीच तास ६०० ने १५००, एकूण २७००. खर्च जाऊन १००० उरले, अर्ध्या दिवसाची कारागिराची मजुरी म्हणून ठीक आहे, आणि दुपारनंतर दुसरं काम करता येतं. शेतकऱ्याला २७०० ऐकून जड वाटणार, पण त्याला दुसरा मार्ग काय आहे ते बघा: ट्रॉली रिकामी करा, ट्रॅक्टर-ड्रायव्हर द्या, दुकानात नंबर लावा, दिवस गेला. मात्र गेटचा बिजागर, कोयत्याची मूठ असलं काम असेल तर सरळ सांगा की नाना, हे गावातच करून घ्या, मला बोलावून तुम्हाला परवडणार नाही. असं सांगितलेला माणूस मोठ्या कामाला तुम्हालाच फोन करतो.

लांबच्या गावांचा वेगळा विचार करा. पिंपळगाव बसवंत, दिंडोरी, सिन्नर हे सगळं नाशिकपासून साधारण तीस किलोमीटरच्या आत-बाहेर, तिथे एकेका कामाला जाता येतं. सटाणा नव्वदच्या आसपास, तिथे एका ट्रॉलीसाठी फेरी लावली तर शेतकरी पण देणार नाही. त्या साइडला आठवड्यातला एक वार ठरवून टाका, दोन-तीन कामं जमली की जा आणि फेरी त्यांच्यात वाटून घ्या.

किलोवर हे नवीन फॅब्रिकेशनसाठी. वरच्या दांडीला चार-पाच किलोची पट्टी लागली असेल, किलोवर मोजली तर त्याची सगळी मिळून मजुरी शंभर-दीडशे रुपये होते, म्हणजे रिपेअरिंगला हे लावायचा प्रश्नच नाही. पण द्राक्षाच्या नवीन प्लॉटचे वाय अँगल (वेलीला आधार देणारे वायच्या आकाराचे खांब), कांदाचाळ, शेड, याला किलोवरच घ्या, वजन काट्यावर कळतं आणि भांडण होत नाही. ५० बाय ५० बाय ६ चा अँगल मीटरला साडेचार किलो, म्हणजे सहा मीटरची एक लांबी २७ किलो, आधीच हिशोब करून सांगता येतो. इथे एकच गोष्ट नीट समजून घ्या. माल जितका पातळ तितका किलोचा रेट जास्त पाहिजे. जाड अँगलमध्ये चार जॉइंट मारले की बरंच वजन झालं, दीड एमएमच्या स्क्वेअर पाइपमध्ये तेवढ्याच वजनाला तिप्पट जॉइंट निघतात आणि वर भोक पडू नये म्हणून बारीक रॉडने हळू मारावं लागतं. सगळ्याला एकच रेट लावणारे पातळ मालात तोट्यात जातात. जीआय पाइप असेल तर अजून वाढवा, जॉइंटवरचं गॅल्व्हनायझिंग, म्हणजे जस्ताचा थर, घासून काढावं लागतं, नाही काढलं तर तो पांढरा धूर छातीत जातो आणि रात्री थंडी वाजून ताप येतो. जमेल तेवढं कटिंग आणि जोडणी दुकानातच करून न्या. उन्हात, वाऱ्यात, जनरेटरवर तेच काम दुप्पट वेळ घेतं.

लाइटवर की जनरेटरवर, यावरही घासाघीस होते. "आमच्या मोटरच्या लाइनवर लावा ना" असं म्हणतात, पण थ्री फेज पाळीने येते, कधी रात्रीची असते, आणि सिंगल फेजला व्होल्टेज इतकं पडतं की रॉड चिकटूनच बसतो. मी म्हणेन तासाचा रेट जनरेटर धरूनच सांगा आणि चांगली लाइट मिळाली तर तासाला शंभर कमी करा. वाढवण्यापेक्षा कमी केलेलं माणसाला बरं वाटतं.

आता अर्जंटचं. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की डाउनी या बुरशीच्या रोगाच्या भीतीने फवारणी थांबवता येत नाही आणि नेमकी तेव्हाच ब्लोअरची, म्हणजे फवारणीच्या मशीनची, फ्रेम तुटते, रात्री नऊला फोन येतो. अशा वेळी दीडपट घ्या, रात्रीचं जागरण आहे आणि दुसऱ्या दिवशीची कामं मागे पडतात, पण हा दीडपट रेट तुमच्या कार्डावर आधीपासून छापलेला पाहिजे. समोरच्याची अडचण बघून जागेवर तिप्पट सांगू नका. बागेवर त्याचं वर्षाचं सगळं लागलेलं असतं. आणि औषधाची टाकी किंवा डिझेलचा बंद ड्रम कुणी पुढे केला तर कितीही पैसे देऊ देत, हात लावू नका, आतली वाफ पेटली तर स्फोट होतो.

उधारी राहिली. "पट्टी आली की देतो", म्हणजे विकलेल्या मालाचा व्यापाऱ्याकडून हिशोब आला की देतो, हे ऐकायची तयारी ठेवा, आणि ते खोटं नसतं, व्यापाऱ्याकडून त्याचेच अडकलेले असतात. म्हणून फेरीचे पैसे पोचल्यावर लगेच घ्या, ऑनलाइन का होईना, म्हणजे डिझेल तरी उधारीत जात नाही. तासाचे राहिले तर ओळख बघून तारीख घ्या. फॅब्रिकेशनला मालाचे पूर्ण पैसे आगाऊ, मजुरी अर्धी काम उभं राहिल्यावर, अर्धी शेवटी, माल मात्र कधीही स्वतःच्या पैशाने भरू नका.

आणि निघायच्या आधी एवढा मेसेज टाकत जा: "राम राम दादा, फेरीचे १२००, जागेवर तासाला ६०० जनरेटर आणि रॉड धरून, पट्टी-अँगल लागला तर बिलाप्रमाणे वेगळा, अंदाजे दोन ते तीन तास, जास्त लागतंय असं वाटलं तर आधी तुम्हाला विचारून मगच पुढे करेन. ट्रॉली रिकामी करून सावलीत लावून ठेवा." समोरून ओके आला की गाडी काढा, नाही आला तर फोन करून बोलून घ्या.