मे महिन्यात ट्युलिप दाखवून हॉलिडे मेंबरशिप विकणाऱ्यांपासून सावध राहा (१,९४,६१० रुपयांचा अनुभव)

मॉलच्या एन्ट्रीला टेबल टाकून "फक्त नाव नि मोबाइल नंबर लिहा, लकी ड्रॉ आहे" म्हणणारी पोरं सगळ्यांना माहीत आहेत. नंतरचा फोन, काँग्रॅच्युलेशन्स, दोन रात्री तीन दिवस फ्री स्टे, गिफ्ट घ्यायला अमुक हॉटेलच्या हॉलमध्ये या, हेही माहीत आहे. मलाही माहीत होतं. त्यामुळे "शिकलेली माणसं ना तुम्ही?" असं कुणी विचारायची गरज नाही, ते विचारणारे नातेवाईक आमच्याकडे पुरेसे आहेत.

आणि आम्ही फुकटच्या ट्रिपसाठी गेलो नव्हतो, हे आधीच सांगते. या वर्षी लग्नाला पंचवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत दोघंच असं कधी निघालोच नाही, आधी सासूबाईंचं आजारपण, मग नवऱ्याची बदली, मग लेकीची बारावी. या मे मध्ये जायचंच आणि जायचं तर ऐटीत जायचं, पहाटे पाचला उठवून बसमध्ये कोंबणारी टूर नको, असं ठरलं होतं. फक्त कुठे ते ठरत नव्हतं. नवऱ्याचं काश्मीर, दल लेकवर हाउसबोट, गुलमर्गची गोंडोला (केबल कार). मला समुद्र पाहिजे होता, पण कोकणातला नको, तो दरवर्षी माहेरी बघते, मला तो काचेसारखा निळा पाहिजे होता, म्हणजे मालदीव नाहीतर बाली. यावर मी रात्र रात्र वाचलंय. मे मध्ये मालदीवला पावसाळा सुरू होतो म्हणून रिसॉर्टचे रेट उतरतात, बालीत तेव्हा कोरडा सीझन असतो, मालेहून रिसॉर्टला नेणारी सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतात त्यामुळे फ्लाइट संध्याकाळी उतरली तर ती रात्र मालेतच काढावी लागते, हे सगळं मला तोंडपाठ होतं. आणि नवरा ऑडिटमध्ये आहे. ऑडिटमध्ये! दुसऱ्याच्या व्हाउचरवर तारीख चुकली तरी याला झोप येत नाही.

तर फोनवरच सांगितलं होतं की नवरा-बायको दोघांनी यायचं, एकटं चालणार नाही, येताना आयडी प्रूफ आणि क्रेडिट कार्ड आणा. क्रेडिट कार्ड कशाला? तर म्हणे "फक्त एलिजिबिलिटीसाठी". दोघं का पाहिजेत ते आता कळतं, एकटी बाई असली तर "घरी विचारून सांगते" म्हणून सुटू शकते, दोघं समोर असली की ते कारणच उरत नाही.

हॉलमध्ये गाणी इतकी मोठ्याने लावलेली की शेजारी बसलेल्या नवऱ्याशी बोलायचं तर ओरडावं लागत होतं. आमच्या टेबलावर आला तो लेकीच्या वयाचा मुलगा, टाय, हातात टॅब, गोड बोलणं. वर्षाला फिरण्यावर किती खर्च करता? नवरा म्हणाला साठ हजार (करत नाही हो आम्ही साठ हजार, पण अशा ठिकाणी माणूस कमी कशाला सांगेल). त्याने कागदावर ६०,००० गुणिले १० लिहिलं, वर महागाई लावली, अकरा लाख काढले, त्याला लाल पेनाने गोल केला आणि खाली लिहिलं ३,८५,०००, दहा वर्षं, वर्षाला सहा रात्री, देशात-परदेशात कुठेही. ऑडिटवाल्यांनी मान डोलावली.

मग "सर-मॅम, तुमचं ड्रीम डेस्टिनेशन सांगा". आम्ही काश्मीर म्हणालो तर टॅबवर फोटो, ट्युलिपच्या रांगांमध्ये हात पसरून उभं असलेलं जोडपं. म्हणाला, "मॅम, इमॅजिन करा, मे महिना, तुमची ॲनिव्हर्सरी आणि श्रीनगरचं ट्युलिप गार्डन!"

आता श्रीनगरचं ते गार्डन मार्चअखेरीला उघडतं आणि जेमतेम महिनाभर चालतं, एप्रिल संपला की ट्युलिप संपले, हे मी आदल्याच आठवड्यात वाचलेलं, याच कारणावरून मी नवऱ्याचं काश्मीर कटाप करायला बघत होते. मी म्हटलं, अरे मे मध्ये ट्युलिप नसतात. पापणी न हलवता म्हणाला, "मॅम, आपल्या मेंबर्ससाठी एक्स्टेंड करतात."

मेंबर्ससाठी! सरकारी बाग! फुलं एक्स्टेंड करतात!

आणि मी हसले. मला खरंच हसू आलं, त्याला वाटलं मॅमना पटलं, त्याने स्लाइड पुढे सरकवली. तो क्षण मी हजार वेळा आठवलाय. तिथे पर्स उचलायची आणि उठायचं, बास. ज्याला ट्युलिप कधी फुलतात ते माहीत नाही तो मला हॉलिडे विकतोय, आणि चूक दाखवली तर फुलांबद्दल खोटं बोलतोय, तो रूमबद्दल काय बोलत असेल? पण तास उलटून गेलेला, भूक लागलेली, डिनरचं कुपन प्रेझेंटेशन संपल्यावरच मिळणार होतं, आणि अशा वेळी "पोरगं आहे, टार्गेट असेल बिचाऱ्याला" असंच मनात येतं. चांगल्या घरातली माणसं उठून जात नाहीत, यावर तर यांचा सगळा धंदा चालतो.

मी कागद घरी नेऊन वाचते म्हटलं तर मॅनेजर आला. खास अप्रूव्हल घेऊन १,६५,०००, पण फक्त आत्ता, दारातून बाहेर पडलात की परत ३,८५,०००. एका कार्डावर ९०,०००, दुसऱ्यावर ७५,०००, "नो कॉस्ट ईएमआय" म्हणे. स्वाइप झाल्यावर घंटा वाजवली, माइकवरून आमचं नाव घेतलं, टाळ्या. मग ॲग्रीमेंट आलं. आधी पैसे, मग सह्या, प्रत्येक पानावर, आणि तो पोरगा बोटाने जागा दाखवतोय, "इथे मॅम, इथे सर", वाचायला पान सरळ धरू दिलं नाही.

घरी वाचलं. १५ एप्रिल ते १५ जून, दिवाळी आणि नाताळ ब्लॅकआउट, म्हणजे त्या तारखांना बुकिंगच नाही. बाकी सगळं उपलब्धतेनुसार. मेंटेनन्सची फी दरवर्षी, गेलात तरी आणि नाही गेलात तरी. पैसे परत नाहीत. वाद झाला तर कोर्ट नाही, लवाद (कोर्टाबाहेरचा निवाडा), तोही दिल्लीत. म्हणजे आम्ही दोघं कुठे जायचं यावर भांडत बसलो आणि कधी जायचं ते त्यांनी गुपचूप काढून घेतलं. दहा वर्षांत एकही मे नाही!

दुसऱ्याच दिवशी मेल केला, कॅन्सल करा. उत्तर आलं, "डिअर व्हॅल्यूड मेंबर". आपल्याकडे टाइमशेअरसाठी, म्हणजे आधी पैसे भरून वर्षाला ठरावीक रात्री देणाऱ्या या असल्या मेंबरशिपसाठी, वेगळा कायदा नाही. युरोपात या असल्या करारातून कारण न देता बाहेर पडायला १४ दिवस कायद्याने मिळतात आणि त्या मुदतीत ग्राहकाकडून एक पैसाही घ्यायला बंदी आहे. आपल्याकडे त्यांच्याच कागदावर जे छापलं ते.

मग वाटलं निदान वापरून तरी घेऊ. श्रीनगर मागितलं, ब्लॅकआउट. मुन्नार मागितलं तर आधी मेंटेनन्स भरा मग सिस्टीम ओपन होईल, ९,५०० अधिक १८ टक्के जीएसटी, ११,२१०. भरले. मुन्नार वेटिंगवर, ते अजून वेटिंगवरच आहे. मग एक मॅडम फोनवर, फारच प्रेमळ, म्हणाल्या इंटरनॅशनलला ब्लॅकआउट लागत नाही, मालदीव देते, वॉटर व्हिला, फक्त एक्स्चेंज डिपॉझिट १८,४०० यूपीआयने करा. ॲपवर नाव आलं ते कंपनीचं नाही, कुणातरी माणसाचं. नवऱ्याने मोठ्याने वाचून दाखवलं. मॅडम म्हणाल्या ते आमचे अकाउंट्सचे सर. मी वैतागून "भरा हो एकदाचे" म्हटलं असं नवरा म्हणतो, मला तसं आठवत नाही.

व्हाउचर आलं. वॉटर व्हिला नाही, लोकवस्तीच्या बेटावरच्या गेस्टहाउसमध्ये रूम, खाली बारीक अक्षरात स्पीडबोट वेगळी आणि ग्रीन टॅक्स (पर्यटकांवरचा तिथला सरकारी कर) माणशी रात्रीला ६ डॉलर वेगळा. आता हा ६ डॉलरचा दर छोट्या गेस्टहाउसचा, रिसॉर्टला १२ डॉलर पडतात, म्हणजे व्हिलाचा विषयच नव्हता हे त्या आकड्यावरूनच कळत होतं. ती बेटं छान असतात म्हणे, स्वस्तात मालदीव बघायचं तर लोक तिथेच जातात, पण मग तसं सांगा ना. मी त्या गेस्टहाउसला थेट ईमेल टाकला. त्यांचं उत्तर दोन ओळींत आलं, या नावाने आमच्याकडे कुठलंही बुकिंग नाही.

१,६५,००० अधिक ११,२१० अधिक १८,४००. बेरीज वर टायटलमध्ये आहे. बँकेचं व्याज आणि त्यावरचा जीएसटी धरलेला नाही, कारण "नो कॉस्ट ईएमआय" हे तोंडी होतं, स्टेटमेंटवर कॉस्ट होती.

आता पोलीस. पहिल्या ठिकाणी साहेब म्हणाले हॉटेल आमच्या हद्दीत येत नाही. हॉटेलच्या हद्दीत गेलो तर तुम्ही राहता कुठे, तिकडे जा. मी झिरो एफआयआर म्हटलं, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे की हद्द कुठलीही असो तक्रार घ्यावी लागते, तर ते माझ्याकडे असे बघायला लागले की आरोपी मीच. "मॅडम, ॲग्रीमेंटवर सही कुणाची आहे? तुमचीच ना? मग हे सिव्हिल मॅटर आहे." मग बुकिंग खोटं दिलं ते? "ते पण त्याच्यातच येतं." सायबरला गेलो, ते म्हणाले कार्ड तुम्ही स्वाइप केलं, पिन तुम्ही टाकला, कुणी चोरलं नाही, यूपीआयवाले १८,४०० तेवढे लिहून घेतो पण उशीर झाला, पैसे त्या खात्यातून केव्हाच पुढे गेले. म्हणजे त्या माणसाचं नाव आहे, खातं आहे, बँक आहे, आणि तरी "तपास चालू आहे". नवऱ्याने बाहेर बाकावर बसून अर्ज तीनदा लिहिला कारण प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणायचं एवढा मोठा नको, एका पानात आणा. पोच मागितली तर शिक्का मारणारा माणूस जेवायला गेलेला. बँकेतही तेच, व्यवहार ऑथराइज्ड आहे मॅडम, ईएमआय थांबवता येणार नाही, सिबिल खराब होईल. आम्हाला धमकी सिबिलची आणि ज्यांनी लुटलं ते पुढच्या शनिवारी दुसऱ्या हॉटेलात हॉल बुक करून बसलेत, मी स्वतः बाहेरून बोर्ड बघून आले, तीच घंटा ऐकू येत होती. मी तिथून त्याच पोलीस ठाण्यात फोन लावला की आत्ता या, आत्ता चालू आहे. "मॅडम, तक्रार लेखी द्या."

त्यातल्या त्यात जे कळलं ते सांगते. यूपीआयचे पैसे गेले की १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) त्याच तासात फोन, आम्ही मॅडमच्या उत्तराची वाट बघत बसलो. कार्डाचं असेल तर बँकेत "सेवा मिळाली नाही" म्हणून लेखी डिस्प्यूट टाका, तोंडी बोलणं शून्य, त्याला मुदत असते, आणि बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा टोलवलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, फुकट. दिल्लीच्या कलमाला घाबरू नका, २०१९ च्या ग्राहक कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात केस टाकता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगात जाता येतं, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्येच सांगितलंय. वकिलाशिवाय टाकली आम्ही. १९१५ वर (राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन) आधी तक्रार नोंदवा, नंबर मिळतो तो पुढे कामाला येतो. आणि कुठलंही व्हाउचर हातात आलं की हॉटेलला स्वतः विचारा, व्हाउचरवरच्या नंबरवर नाही, हॉटेलच्या वेबसाइटवरच्या. असल्या प्रेझेंटेशनला कार्ड घरी ठेवून जा, म्हणजे जाऊच नका खरं तर.

आयोगाची नोटीस कंपनीच्या पत्त्यावरून परत आली, "पत्त्यावर कुणी नाही". आता नवीन पत्ता शोधून देणं आमच्यावर.

आणि गेल्या आठवड्यात एक फोन आला. तुमची मेंबरशिप विकून देतो, पार्टी तयार आहे, २,१०,००० मिळतील, फक्त एनओसी चार्जेस १५,३४० आधी भरा. त्याला आमचा मेंबर नंबर माहीत होता, तारीख माहीत होती, कुठल्या बँकेची दोन कार्डं होती तेही माहीत होतं. ही माहिती आमच्याकडे आणि त्या कंपनीकडे, तिसऱ्या कुणाकडे नाही. तेव्हा "फसलेल्यांचे पैसे काढून देतो" म्हणून कुणाचा फोन आला तर नंबर, वेळ, बोलणं सगळं लिहून ठेवा आणि १५,३४० तर सोडाच, ४० रुपये पण भरू नका.