जुनी स्प्लेंडर: घेताना काय तपासलं आणि तीन ऋतूंत काय खरं निघालं

गाडी 2019 ची स्प्लेंडर प्लस, बीएस-4, कार्बोरेटरवाली. पावसाळ्याच्या तोंडावर घेतली, आता ऊन तापलंय. अंबड-जालना रोजचं जाणं-येणं आणि सुटीला शेत. स्प्लेंडर कशी असते हे मराठवाड्यात कुणाला सांगायची गरज नाही. म्हणून लिहितोय ते घेण्याआधी केलेल्या तपासणीबद्दल. त्यातलं काय खरंच उपयोगी पडलं, काय नुसतं मनाचं समाधान होतं आणि काय कशातच दिसलं नाही.

आपल्याकडे खासगी दुचाकीला सरकारी तपासणीचा इतिहास असा नसतोच. नोंदणी 15 वर्षांची, आणि गाडी आरटीओसमोर पुन्हा तपासायला जाते ती त्यानंतर नूतनीकरणाला. मधे पीयूसी असते, पण ती फक्त धूर बघते. ब्रिटनमध्ये गाडी 3 वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी नावाची सक्तीची तपासणी होते आणि गाडीचा नंबर टाकला की जुनी मीटर रीडिंगंसुद्धा कुणालाही फुकट बघता येतात. इथे हा केसपेपर आपणच चार ठिकाणची चिटोरी जमवून तयार करायचा.

सगळ्यात कामाचं चिटोरं म्हणजे जॉबकार्ड. फ्री सर्व्हिसिंग असेपर्यंत गाडी शोरूमच्या सर्व्हिस सेंटरला जाते, प्रत्येक वेळी किलोमीटर लिहिले जातात. मालकाला सोबत घेऊन गेलो, नंबर सांगितला, काउंटरवरच्या पोराने सगळी यादी काढून दिली. शेवटची नोंद 2021 ची, साडेअठरा हजारांच्या आसपास. मी बघितली तेव्हा मीटर एक्केचाळीस हजारांवर होतं. हिशोब जुळतो. त्याआधी एका एजंटाकडची चकाचक गाडी मनात भरली होती. मीटर बावीस हजार, आणि 2020 च्याच जॉबकार्डावर चौतीस हजार. विचारलं तर म्हणाला, "भाऊ, मीटर नवीन बसवलंय." बसवलं असेल, पण सांगितलं नव्हतं. तिथूनच उठलो.

मात्र खेड्यात मीटर खोटं बोलतं ते नेहमी लबाडीने नाही. काट्याच्या मीटरची केबल तुटते आणि महिनोन् महिने कुणी बदलत नाही. म्हणून "मीटर मागे केलंय का" असं विचारू नका, "केबल कधी तुटली होती का" विचारा. विकणाऱ्या मामांनी हसत सांगितलं, "तुटली होती की, एक उन्हाळा तशीच चालवली." म्हणजे खरा आकडा पन्नासच्या घरात धरायचा. फूटरेस्टचं रबर गुळगुळीत, किकची खाच झिजलेली, ब्रेक पेडलची कड घासून चमकलेली, सगळं त्याला दुजोराच देत होतं.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात ते वाचा. पुढच्यावर 1419, म्हणजे 2019 चा चौदावा आठवडा. गाडीची नोंदणी त्याच वर्षी जूनची, म्हणजे टायर मूळचाच. मागचा 2022 चा. पुढचा टायर नक्षी शिल्लक असूनही घेतल्याबरोबर बदलला, कारण इतक्या वर्षांनी रबर कडक होतं आणि पहिल्या पावसात डांबरावर त्याचा भरवसा धरवत नाही. एप्रिल 2019 नंतर बनलेल्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे जादा सुरक्षेची नंबरपाटी, शोरूममधूनच येते. अशा गाडीला साधी पाटी दिसली तर का ते विचारा.

सरकारच्या एमपरिवहन ॲपवर कितवा मालक, इन्शुरन्स, पीयूसी, फायनान्स हे सगळं कळतं, चलानं वेगळी बघून घ्या. इथे दोन गोष्टी सापडल्या. सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा 5 वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. या गाडीचा तो 2024 ला संपला आणि पुढे कुणी काढलाच नाही. आमच्याकडे निम्म्या गाड्यांचं हेच असावं. हप्ता फार नाही, या गटातल्या गाडीला वर्षाचा मूळ दर 2022 मध्ये 714 रुपये ठरला होता. दुसरं, कर्ज कधीच फिटलेलं, पण बँकेचं नाव आरसीवर तसंच. बँकेची एनओसी आणि कर्जाची नोंद काढायचा फॉर्म 35 देऊन ते उतरेपर्यंत मी फक्त विसार दिला. मामा थोडे नाराज झाले. गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घेऊन गाडी "चालू द्या, नावावर नंतर करू" हा प्रकार मला अजिबात पटत नाही. आणि आरसीला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे का ते आधी बघा, ओटीपी तिथेच जातो.

इंजिनासाठी मी एकच अट घातली होती, मी येईपर्यंत गाडी चालू करायची नाही. इंजिनला हात लावला, गार होतं. पहिल्या किकला निळसर धूर नाही, टायमिंग चेनची टकटक नाही. गॅरेजच्या उस्तादांनी सायलेन्सरच्या तोंडाला बोट फिरवून बघितलं, तेलकट काजळी नाही. हे निदान शंभर टक्के बरोबर निघालं. ऑइल बदलायच्या वेळी पातळी जवळपास तेवढीच असते आणि ॲव्हरेज साठीच्या खाली आलेलं नाही.

मामांनी वाहिलेल्या दुधाच्या कॅनचं ओझं मात्र गाडीच्या मागच्या भागात बोलायला लागलं. कॅरिअरला वेल्डिंग दिसत होतं, म्हणून भाव पाडून घेतलाच होता. पावसाळा संपता संपता मागचं चाक वळणावर डुलल्यासारखं वाटू लागलं. स्विंगआर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश गेलेले, मागचे शॉकअपही मेलेले. हा खर्च मी धरूनच चाललो होतो, त्यामुळे फार लागला नाही.

जे कशातच दिसलं नाही ते टाकीच्या आत होतं. ऐन पावसाळ्यात गाडी घनसावंगीच्या रस्त्यावर आचके देऊन बंद पडायची. कार्बोरेटर उघडला की तळाशी तांबूस गाळ. साफ करून आणली की आठवड्याभरात पुन्हा तेच. शेवटी टाकी उतरवली, आत गंज. गाडी बरीच वर्षं अर्ध्या टाकीवर, उघड्यावर उभी राहायची. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते ओलावा ओढतं, त्याचाही हात असेलच. टाकी धुऊन घेतली, नळीत फिल्टर टाकला, त्रास थांबला. घेताना झाकण उघडून आत टॉर्च मारायला मिनिट लागतं. जॉबकार्डाइतकीच ही तपासणी महत्त्वाची मानतो मी.

काळ्या मातीत गाडी घालणाऱ्यांनी मडगार्ड आणि चेनकव्हरच्या आतली बाजू बघावी. तिथे वाळलेल्या चिखलाचा थर असेल तर चेन किट लवकरच जाणार. माझ्या गाडीचं ते हिवाळ्यात बदललं.

सध्या चढावर क्लच थोडा सुटतोय. उस्ताद म्हणतात प्लेटा दिवाळीपर्यंत ओढतील. मला नाही वाटत, पावसाळ्याआधीच बदलून घेणार आहे.